शिल्पकार बर्निनी

रोम येथील संत पेत्राच्या मंदिराचें चित्र पुष्कळ विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल. मंदिराच्या दर्शनी भिंतीच्या दोन्ही टोकांस त्यांत घड्याळें दिसतात. त्यांपैकीं डाव्या बाजूच्या घड्याळाच्या जागीं पूर्वीं एक उंच घंटाघर होतें. तें ज्यानें बांधलें व ज्याच्या डोळ्यांदेखत तें पाडण्यांत आलें, त्या जॉव्हान्नी लोरेन्झो बर्निनीचें हें चरित्र आहे.

त्याचा जन्म ७ डिसेंबर १५९८ रोजीं नेपल्स शहरीं झाला. वडील पिएत्रो हे शिल्पकार असून मुलाचे पहिले गुरूही तेच होते. लहानपणींच तो त्यांच्याबरोबर रोमास आला, आणि पंचविशीच्या आंतच संगमरवराला जिवंत त्वचेचें मार्दव आणणारा कलावंत म्हणून त्याची ख्याति झाली.

संत पेत्राचें जुनें मंदिर कॉन्स्टंटाईन बादशहाच्या काळचें, म्हणजे चौथ्या शतकांतील होतें. तें जीर्ण झाल्यामुळें सन १५०६ मध्यें त्याच्या जागीं नव्या मंदिराचा पाया घालण्यांत आला. तब्बल १२० वर्षांनीं, १८ नोव्हेंबर १६२६ रोजीं, त्याचें समर्पण झालें. परंतु त्या अफाट घुमटाखालीं वेदी अगदीं हरवून जाई. आठवे पोप अर्बन यांनीं वेदीवर छत्र उभारण्याचें काम सन १६२४ मध्येंच बर्निनीवर सोंपविलें होतें. जुन्या मंदिरांत पिळाचे संगमरवरी खांब होते. त्यांच्याच धर्तीवर त्यानें ब्राँझचे चार प्रचंड खांब ओतविले. सन १६३३ मध्यें पुरें झालेलें हें छत्र सुमारें २९ मीटर उंच आहे. ह्याच सुमारास पोपांनीं पॅन्थिऑन ह्या प्राचीन देवळाच्या ओसरीवरील ब्राँझ काढविलें. त्यांतील बहुतेक धातु तोफांकडे गेला, तरी लोकांच्या टीकेचे शिंतोडे बर्निनीवर उडालेच.

यशानें तो फार चढला. सन १६३८ मध्यें रागाच्या भरांत त्यानें आपल्या सख्ख्या भावास लोखंडी गजानें मारलें, हें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं.

त्याच काळांत घंटाघराचें काम चाललें होतें. दर्शनी भिंतीच्या दोन्ही टोकांवर एकेक घंटाघर उभारावें, अशी सन १६३७ मध्यें आज्ञा झाली. दक्षिणेकडील जमीन मुळांतच भुसभुशीत होती, आणि बर्निनीची योजना तर पूर्वींपेक्षां कितीतरी जड. घंटाघर चढूं लागलें तशा खालच्या भिंतीस भेगा पडूं लागल्या. सन १६४४ मध्यें पोप अर्बन वारले. नवे पोप दहावे इनोसंट यांच्यापुढें दोष दाखविण्यास जे सरसावले, त्यांत बोर्रोमिनी होता. हाच एकेकाळीं छत्राच्या कामीं बर्निनीचा मदतनीस होता. सन १६४६ मध्यें घंटाघर पाडण्याचा हुकूम सुटला, व तें दगड दगड करून उतरविण्यांत आलें.

सत्यावरील पडदा काळ दूर करीत आहे, असें एक शिल्प बर्निनीनें त्या दिवसांत घरीं आरंभिलें. सत्याची मूर्ति झाली. काळाची मात्र कधींच झाली नाहीं. अपमान झालेल्या माणसाची ही एक प्रकारची फिर्यादच म्हणावयाची. परंतु त्यानें छिन्नी खालीं ठेविली नाहीं. सन १६५१ मध्यें पुरें झालेलें चार नद्यांचें कारंजें त्यानें ह्याच पोपांकरितां रचिलें. तींत आपली गंगाही आहे; मात्र तेथें ती हातीं वल्हें घेतलेल्या दाढीवाल्या पुरुषाच्या रूपानें बसली आहे!

पुढें सातवे पोप अलेक्झांडर यांनीं त्यास पुन्हां संत पेत्राच्याच अंगणांत आणिलें. घंटाघरांवांचून ती दर्शनी भिंत रुंद व बसकी दिसे. बर्निनीनें सन १६५६ ते १६६७ ह्या काळांत तिच्यापुढें २८४ खांबांच्या दोन अर्धवर्तुळाकार ओसऱ्या उभारिल्या. त्या ठेंगण्या असल्यामुळें भिंत आपोआप उंच भासूं लागली. आंत, अगदीं पश्चिमेकडील भिंतीशीं, संत पेत्राचें म्हणून मानलेलें लांकडी आसन त्यानें ब्राँझच्या भव्य सिंहासनांत बसविलें. तें सन १६६६ मध्यें पुरें झालें. ऑगस्टीन, अँब्रोज, अथानासियस व क्रिसोस्तोम हे चार आचार्य त्याजवळ उभे असून वर पिवळ्या प्रकाशांत कबुतररूपी पवित्र आत्मा दिसतो.

२८ नोव्हेंबर १६८० रोजीं बर्निनी रोम येथें मरण पावला. इतरांसाठीं त्यानें भव्य कबरी घडविल्या. त्याची स्वतःची कबर सांता मारिया माज्जोरे मंदिरांत, वेदीजवळच्या पायरीशीं, एका साध्या फरशीखालीं आहे.