हिमगिरीचा चित्रकार : निकोलस रोरिक

चित्रांत पर्वत बहुधा मागे उभा असतो; पुढे एखादा राजा, देवता किंवा मेंढपाळ. निकोलस रोरिक यांनी हा क्रम उलटविला. त्यांच्या हिमालयचित्रांत पर्वतच नायक. मनुष्य असलाच तर पायथ्याशी तिळाएवढा!

९ ऑक्टोबर १८७४ रोजी रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांचा जन्म झाला. कायदा आणि चित्रकला यांचे अध्ययन त्यांनी बरोबरच केले. १९१३ साली पॅरिसमध्ये गाजलेल्या स्ट्राव्हिन्स्कीच्या नृत्यनाट्याचे देखावे त्यांनीच रेखाटले होते. ती कीर्ती मागे ठेवून १९२३ च्या अखेरीस ते सहकुटुंब हिंदुस्थानात आले.

१९२५ मध्ये त्यांनी मध्य आशियाची दीर्घ यात्रा आरंभिली. १९२७ च्या शरदात तिबेटच्या चांगथांग पठारावर अधिकाऱ्यांनी त्यांचा तांडा अडविला. भर हिवाळ्यात, उन्हाळी तंबूंत, सुमारे पाच महिने! पत्नी हेलेना व थोरला पुत्र बरोबर होते. पाच सहप्रवासी आणि नव्वदांच्या आसपास जनावरे तेथेच मृत्युमुखी पडली.

एवढे भोगल्यावर कोणाच्याही कुंचल्यातून पर्वताचा कोपच उमटला असता. रोरिक मात्र १९२८ साली कुलू खोऱ्यातील नग्गर येथे स्थायिक झाले आणि पुन्हा हिमशिखरेच रंगवू लागले. टेंपेरा रंगांना तैलरंगाची चकाकी नसते. त्या निस्तेज पृष्ठावर त्यांनी निळ्या-जांभळ्या छटांचे थर चढविले. त्यांतून भय ओसरते आणि उरते ती आपल्या लहानपणाची शांत जाणीव. उदात्त म्हणतात ते हेच, असे आम्हांस वाटते. त्यांची चित्रे हजारोंनी मोजावी लागतात आणि कित्येक एकमेकींसारखी दिसतात, हेही आम्ही लपवीत नाही.

युद्धात संग्रहालये, देवळे व विद्यालये यांना अभय असावे, यासाठीही ते झटले. तसा करार १५ एप्रिल १९३५ रोजी वॉशिंग्टन येथे झाला. त्यावर अमेरिका खंडांतील एकवीस राष्ट्रांनी सह्या केल्या.

उतारवयात मायभूमीची ओढ अनावर झाली. परतण्याची परवानगी मात्र आली नाही. १३ डिसेंबर १९४७ रोजी नग्गर येथेच त्यांचे देहावसान झाले आणि त्या हिमशिखरांच्या समोरच त्यांना अग्नी देण्यात आला.