मिल्टनने मोजलेली किंमत

वयाच्या बाराव्या वर्षापासून जो मध्यरात्रीपर्यंत दिव्याशी पुस्तक घेऊन बसला, त्याला वाचनाखेरीज दुसरी ओळख असणे कठीणच. जॉन मिल्टनची दृष्टी एका दिवसात गेली नाही. १६४४च्या सुमारास सकाळी वाचावयास बसताच डोळे दुखू लागले, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखे कडे दिसू लागले आणि डाव्या डोळ्याच्या एका बाजूस धुके पसरले. १६४९ मध्ये इंग्लंडच्या नव्या प्रजासत्ताकाने त्याला परराष्ट्रांशी लॅटिनमधून पत्रव्यवहार करणारा सचिव नेमले, तोवर तो डोळा जवळजवळ निकामी झाला होता. राजवधाचे समर्थन करणारा ग्रंथ लिहिण्याचे काम आले, तेव्हा वैद्यांनी दुसराही डोळा जाईल असे बजावले. १६५१ मध्ये ग्रंथ निघाला. १६५२ मध्ये अंधार पूर्ण झाला.

लिहिण्याने दृष्टी जाते, हे आजचे वैद्यक सहसा मान्य करणार नाही. मिल्टनने मात्र तसेच मानले, आणि त्यातच त्याला आधार सापडला. दैवाने लादलेली हानी निराळी आणि आपण होऊन मोजलेली किंमत निराळी. विरोधकांनी अंधत्वाला ईश्वरी शिक्षा ठरविले, तेव्हा १६५४ मध्ये त्याने हाच हिशेब जाहीरपणे मांडला. आपले डोळे पाहणाऱ्यास निर्मळच दिसतात, हेही आवर्जून सांगितले. एवढा अभिमान क्षम्य म्हणावा.

१६६० मध्ये राजेशाही परतली, त्याचे ग्रंथ जाळले गेले, काही काळ कैदही घडली. पुढे रात्री मनात रचलेल्या ओळी तो सकाळी येईल त्याच्याकडून लिहवून घेई. वाचक आता श्रोता झाला होता. परंतु त्याचा भार इतरांवर पडला. मेरी व डेबोरा या मुलींना अर्थ न कळणाऱ्या हिब्रू, ग्रीक, लॅटिन भाषांतील ग्रंथ त्याला तासन्‌तास मोठ्याने वाचून दाखवावे लागत. त्या कंटाळल्या, कुरकुरू लागल्या. चरित्रकार हे पान घाईने उलटतात, ते बरे नव्हे.

‘पॅरडाइज लॉस्ट’चे हक्क १६६७ मध्ये रोख पाच पौंडांना गेले; पहिल्या १३०० प्रती खपल्यावर आणखी पाच मिळावयाचे होते. रेशमाचा किडा स्वभावधर्मानेच रेशीम काढतो, तसे हे काव्य निर्माण झाले, असे मार्क्सने या व्यवहारावरून म्हटले. मिल्टन १६७४ मध्ये वारला. उरलेले सर्व हक्क त्याच्या विधवेने १६८० मध्ये आठ पौंड घेऊन सोडून दिले.