वैराग्यमूर्ती श्री संत गाडगे महाराज : अल्प चरित्र



देवस्थानच्या माहितीपुस्तिकेत श्रींचे नित्योपचार, उत्सव व निवासव्यवस्था यांच्या जोडीने एका सत्पुरुषाचे अल्प चरित्र छापावे, असा आपल्या विश्वस्त मंडळाचा प्रघात आहे. या आवृत्तीसाठी श्री गाडगे महाराजांचे चरित्र लिहिण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले, तेव्हा प्रारंभी थोडा संकोच वाटला. ज्या महापुरुषाने आपल्या पायाला कोणास हात लावू दिला नाही, पंढरीला जाऊनही जो गाभाऱ्याकडे न वळता वाळवंटात झाडू मारीत राहिला, त्याची ओळख देवस्थानच्या पुस्तिकेतून कशी करून द्यावी, हा तो संकोच होता. तथापि कार्यालयाच्या खिडकीशी बसून इतकी वर्षे जे पाहिले, त्यावरून एक गोष्ट ध्यानात आली आहे. दुरून आलेला यात्रेकरू मंदिराचा इतिहास नंतर विचारतो. पिण्याचे पाणी कोठे मिळेल, म्हाताऱ्या आईला टेकायला सावली आहे का, शौचालय स्वच्छ आहे का, हे तो आधी विचारतो. या प्रश्नांची उत्तरे ज्यांनी दगड-विटांत उभी केली, त्या बाबांना या पुस्तिकेत स्थान नसेल तर कोणास असावे?

श्रीबाबांचा जन्म दिनांक २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, महाशिवरात्रीच्या पर्वकाळी, अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात असलेल्या शेंडगाव या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी. पिता झिंगराजी जानोरकर, माता सखूबाई. घराणे परिटाचे. घर खाऊनपिऊन सुखी असले तरी झिंगराजींना मद्याचे व्यसन जडले, त्यात घरदार गेले आणि अखेर देहही गेला. डेबू त्या वेळी अवघा आठ वर्षांचा होता. सखूबाईंनी लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आपल्या माहेरचा आश्रय घेतला. पुढे बाबांच्या कीर्तनात दारूचा विषय निघाला की त्यांच्या शब्दांना विलक्षण धार येत असे. ती धार कोठून आली असेल, हे सांगावयास नको.

मामांच्या घरी डेबूने गुरे राखली, नांगर धरला, पूर्णामाईच्या पुरात पोहणे साधले. शाळेची पायरी त्याने कधी पाहिली नाही. गावातील पोरे जमवून तो रात्री भजन करी आणि आंधळ्या-पांगळ्यांना आपल्या ताटातील घास देई. सन १८९२ मध्ये कुंताबाईंशी त्याचा विवाह झाला. याच काळात निरक्षर मामांचा अंगठा कागदावर उमटवून घेऊन एका सावकाराने त्यांची जमीन गिळंकृत केली. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यावयास आली, तेव्हा डेबू त्यांच्यासमोर एकटा ठामपणे उभा राहिला. कर्ज काढून सण करू नये आणि मुलांना अक्षरओळख करून द्यावी, हे दोन विषय पुढे त्यांनी पन्नास वर्षे सांगितले. त्यांचे मूळ या शेताच्या बांधावर आहे.

पहिल्या कन्येच्या बारशाचा प्रसंग सर्वश्रुत आहे. ज्ञातीच्या रिवाजाप्रमाणे अशा वेळी बोकड कापून मद्याची पंगत घालावी लागे. डेबूजींनी तो रिवाज मोडून पाहुण्यांना गोडाधोडाचे जेवण वाढले. भाऊबंदांची नाराजी झाली, वाग्बाण सुटले. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या खेड्यात भाऊबंदांच्या पंगतीबाहेर पडणे म्हणजे काय, हे ज्यांनी खेडे पाहिले आहे त्यांनाच कळेल.

दिनांक १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजींनी पहाटेच्या अंधारात घर सोडले.

त्यानंतरची बारा वर्षे ते अनवाणी हिंडले. अंगावर चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर मातीच्या गाडग्याचे अर्धे खापर आणि हातात काठी व खराटा, असा त्यांचा वेष असे. त्या खापरातच भाकरी घ्यावयाची, त्यातच पाणी प्यावयाचे. कोणी त्यांना चिंधेबुवा म्हणत, कोणी गोधडेबुवा. गाडगे महाराज हे नावही लोकांनीच दिले. फुकटचा घास घ्यावयाचा नाही, हा त्यांचा नेम होता. दाराशी गेल्यावर ते आधी काम मागत. लाकडे फोडून देत, गवताचा भारा आणून देत, अंगण झाडून देत आणि मगच भाकरी घेत. एखाद्या गावात शिरले की वेशीपासून झाडावयास लागत. वेड्यासारखा दिसणारा हा पुरुष रस्ता का झाडतो आहे, म्हणून लोक प्रथम हसत. थोड्या वेळाने एखादा तरुण खाली वाकून कचरा उचलू लागे. सायंकाळी अवघे गाव झाडलेल्या जागेवर कीर्तनाला बसलेले असे. सकाळी पाहावे तो बाबा पुढच्या गावच्या वाटेला लागलेले. निरोप घेण्याचा किंवा सत्कार स्वीकारण्याचा प्रश्नच नव्हता.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे मोठी यात्रा भरते. स्नानासाठी उतरणाऱ्या बायाबापड्या तेथील चिखलाच्या निसरड्या काठावर घसरून पडत. बाबांनी भाषण केले नाही. त्यांनी माती व दगड वाहून काठावर पायवाट बांधावयास घेतली. त्यांचे पाहून यात्रेकरूही दगड उचलू लागले. पुढे सन १९०८ च्या सुमारास तेथे पक्का घाट झाला. आईची आणि पत्नीची पुन्हा भेट झाली तीही याच यात्रेत, असे चरित्रकार सांगतात. घराकडे परत चलावे म्हणून त्या माउलींनी केलेल्या विनवण्या मात्र व्यर्थ गेल्या.

श्रीबाबांचे कीर्तन अन्य कीर्तनकारांसारखे नसे. उंची वाद्ये नाहीत, पांडित्य नाही. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या शेतकऱ्याला प्रश्न विचारीत, उत्तर त्याच्याच तोंडून काढून घेत आणि त्या उत्तरातच त्याला अलगद पकडीत. नवसाला बकरे कापणे, कर्ज काढून लग्ने करणे, शिवाशीव पाळणे, दारू पिणे या साऱ्यांवर ते प्रहार करीत. पण ऐकणारा दुखावला न जाता हसत हसत अंतर्मुख होई. लुगडे हलक्या किमतीचे घ्यावे, प्रसंगी जेवणाचे ताट मोडावे, परंतु मुलाला शाळेत घालावे, हा उपदेश तर प्रत्येक कीर्तनात असे. स्वतः निरक्षर असलेल्या या सत्पुरुषाने कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या शिक्षणकार्याला मोठे पाठबळ दिले. कराड येथे सन १९५४ मध्ये रयत शिक्षण संस्थेने काढलेल्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराज यांचे नाव देण्यात आले, ते त्यांच्या हयातीतच.

आता धर्मशाळांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण यात्रेकरूंचा आणि बाबांचा खरा ऋणानुबंध तेथे आहे. त्या काळी पंढरीच्या वारीला लाखो माणसे जात. पण सोवळ्या-ओवळ्याच्या जगात ज्यांना कोणी ओसरीवर उभे करीत नसे, ते वारकरी उन्हापावसात वाळवंटात पडून राहत. स्त्रियांचे हाल तर सांगण्यापलीकडचे असत. बाबांनी सन १९२० च्या सुमारास पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. श्रीविठ्ठल मंदिराचे द्वार या बांधवांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी सन १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण केले. म्हणजे देवाच्या घरात प्रवेश मिळण्याच्या पाव शतकाहून अधिक काळ आधी बाबांनी त्यांना देवाच्या गावात छप्पर मिळवून दिले होते. मंदिराशी संबंध असलेल्या आमच्यासारख्यांना हे वाक्य लिहिताना मान खाली घालावी लागते. पण ते लिहिलेच पाहिजे.

पुढे नाशिक, आळंदी, देहू, त्र्यंबकेश्वर अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. मुंबईत रुग्णालयात उपचारासाठी येणाऱ्या गोरगरिबांच्या नातलगांनाही त्यांनी निवारा दिला. दवाखान्याच्या फुटपाथवर चूल मांडून बसलेल्या माणसाचे दुःख त्यांना तीर्थाच्या ठिकाणच्या वारकऱ्याइतकेच जवळचे वाटे. सदावर्ते, गोरक्षण संस्था, आश्रमशाळा, वसतिगृहे यांची मालिका मोठी आहे; ती येथे देत नाही. धनिकांनी दिलेल्या पैशाला ते स्वतः शिवत नसत, परस्पर विश्वस्तांकडे व कामाकडे तो वळवीत. एवढ्या इमारती बांधणाऱ्या बाबांची स्वतःची जागा मात्र त्यांपैकी एकाही इमारतीत नव्हती. ते बाहेर, उघड्यावर किंवा एखाद्या झोपडीत निजत. आपल्या नातलगांचा या संस्थांवर कोणताही हक्क राहणार नाही, अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली होती. विश्वस्त संस्थेच्या कार्यालयात आयुष्य घालविलेल्या मनुष्याला या एका गोष्टीचे मोल जितके कळते, तितके कदाचित इतरांना कळणार नाही.

या वैराग्याची किंमत घरच्यांनीही दिली, हे सांगितल्यावाचून चरित्र पुरे होत नाही. कुंताबाईंनी भर तारुण्यात पतीवाचून मुले वाढविली. पुढे बाबांची कीर्ती सर्वत्र पसरली, तरी धर्मशाळेतील सुखसोयींचा लाभ त्यांनी कुटुंबाला घेऊ दिला नाही. घरची माणसे साध्या झोपडीत राहिली. बाबांच्या निःस्पृहतेला वंदन करताना या माउलीच्या सोसण्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत लेखकाला हे कोडे सुटलेले नाही. जगाची भाकरी पाहणाऱ्याने घरची चूल पाहू नये काय, असे मनात येते. आणि घराचे दार एकदा उघडले असते तर या धर्मशाळा निष्कलंक राहिल्या असत्या काय, असेही मनात येते.

सन १९२३ मध्ये बाबा कोकणात खारेपाटण येथे कीर्तन करीत असता एकुलता एक पुत्र गोविंद कुत्रे चावल्याने मरण पावल्याची वार्ता त्यांना कळली. ते क्षणभर थांबले आणि पुन्हा कीर्तन चालू झाले. या प्रसंगाचे वर्णन बहुधा वैराग्याचा कळस म्हणून केले जाते. तो क्षण बापाच्या काळजाने कसा ओलांडला असेल, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि श्रीबाबा यांचा स्नेह परस्परांविषयीच्या आदरातून जुळला होता. एक जगातील मोठमोठ्या विद्यापीठांतून शिकून आलेले, दुसरे अक्षरशत्रू. परंतु समाजाचे दुखणे दोघांनी एकच ओळखले होते. सन १९४९ मध्ये बाबा मुंबईत आजारी असल्याचे कळताच डॉ. आंबेडकर कामे बाजूस सारून त्यांच्या भेटीस गेले आणि सोबत दोन घोंगड्या नेल्या, असे सांगतात. कोणाकडूनही काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या. त्याच वर्षी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वास्तू विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावी, एवढीच त्यांची इच्छा.

सन १९५२ मध्ये त्यांच्या सर्व संस्थांच्या कारभारासाठी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले त्यांचे चरित्रही याच काळातले. जिज्ञासूंनी ते अवश्य वाचावे. महाराष्ट्र शासनाने सन २००० मध्ये सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानास बाबांचे नाव दिले आणि सन २००५ मध्ये अमरावती विद्यापीठही त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

शरीर थकले तरी बाबांचे हिंडणे थांबले नाही. दिनांक ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. श्रोत्यांत पोलीस व त्यांची कुटुंबे होती. दिनांक ६ डिसेंबर रोजी डॉ. आंबेडकरांचे महानिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, दिनांक २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेले जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, चालत्या गाडीतच, श्रीबाबांनी देह ठेवला. घर सोडल्यापासून एकावन्न वर्षे जे वाटेवर होते, त्यांचा अंतही वाटेवरच झाला.

अमरावती शहरात गाडगेनगर येथे त्यांची समाधी आहे. विदर्भाच्या यात्रेस जाणाऱ्या भाविकांनी तेथे अवश्य जावे. पुण्यतिथी २० डिसेंबर रोजी असते.