प्रफुल्लचंद्र रे

आचार्य सर प्रफुल्लचंद्र रे (जन्म : २ ऑगस्ट १८६१, मृत्यू : कलकत्ता, १६ जून १९४४) हे भारतीय रसायनशास्त्रज्ञ, अध्यापक, विज्ञानाचे इतिहासकार आणि उद्योजक होते. त्यांचे आडनाव मराठीत रॉय किंवा राय असेही लिहिले जाते. मर्क्युरस नायट्राइटवरील संशोधन आणि 'बंगाल केमिकल' हा कारखाना यांमुळे ते सर्वपरिचित आहेत. स्वतः परदेशात डॉक्टरेट मिळवलेल्या रे यांनी भारतीय विद्यार्थ्याला ती पदवी मायदेशातच मिळवता यावी यासाठी कलकत्त्यात संशोधनाची परंपरा उभी केली, हे त्यांचे कार्य मात्र तुलनेने कमी सांगितले जाते.

पूर्वायुष्य

रे यांचा जन्म तत्कालीन जेसोर जिल्ह्यातील (आता खुलना, बांगलादेश) ररुली या गावी एका जमीनदार कुटुंबात झाला. वडील हरिश्चंद्र यांचा ग्रंथसंग्रह मोठा होता. १८७० मध्ये कुटुंब कलकत्त्यास आले. हेअर स्कूलमध्ये शिकत असताना आमांशाच्या विकाराने त्यांची शाळा सुटली. आजारपणाचा तो काळ त्यांनी वाचनात घालवला. प्रकृती मात्र जन्मभर नाजूकच राहिली. पुढे ते विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. तेथे विज्ञान शिकवण्याची सोय नसल्याने प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये बाहेरचे विद्यार्थी म्हणून ते अलेक्झांडर पेडलर यांची सप्रयोग व्याख्याने ऐकत. त्यांच्या प्रभावामुळे रे मूळच्या साहित्याच्या आवडीकडून रसायनशास्त्राकडे वळले.

घरची सांपत्तिक स्थिती एव्हाना खालावली होती आणि परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्तीखेरीज मार्ग नव्हता. गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीच्या परीक्षेस अनेक भाषांचे ज्ञान आवश्यक असे. रे यांनी तिची तयारी जवळजवळ गुप्तपणे केली. त्या वर्षी यशस्वी ठरलेल्या दोघांपैकी एक रे, तर दुसरे मुंबईचे एक पारशी विद्यार्थी होते.

एडिंबरो येथील अध्ययन व डॉक्टरेट

१८८२ मध्ये रे एडिंबरो विद्यापीठात दाखल झाले. रसायनशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर क्रम ब्राउन हे त्यांचे मुख्य गुरू. पीएच.डी. ही पदवी ब्रिटिश विद्यापीठांत तेव्हा नव्हती. तेथे ती १९१७ नंतरच रूढ झाली. विज्ञानातील संशोधनाची पदवी म्हणजे डी.एस्सी. रे यांच्यापूर्वी सरोजिनी नायडू यांचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय यांनी याच विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली होती.

बी.एस्सी.च्या अभ्यासात असतानाच, १८८५ मध्ये, विद्यापीठाने १८५७ च्या उठावापूर्वीचा व नंतरचा भारत या विषयावर निबंधस्पर्धा जाहीर केली. रे यांनी रसायनशास्त्र काही काळ बाजूला ठेवून इतिहास व अर्थशास्त्राचे ग्रंथ वाचून काढले आणि ब्रिटिश राजवटीवर कठोर टीका करणारा निबंध लिहिला. पारितोषिक मिळाले नाही, पण परीक्षकांनी त्याची गुणवत्ता मान्य केली. रे यांनी तो स्वतः छापला व त्याची प्रत जॉन ब्राइट यांना पाठवली. त्यांच्याकडून सहानुभूतीचे उत्तर आले. सरकारी नोकरीची अपेक्षा असलेल्या विद्यार्थ्याने असे करणे साहसाचेच होते.

डी.एस्सी.साठी त्यांनी तांबे-मॅग्नेशियम गटातील धातूंची संयुक्त सल्फेटे हा विषय घेतला. अशा लवणांचे स्फटिक एकत्र तयार होतात तेव्हा ते केवळ समरूप मिश्रण असते, की निश्चित प्रमाणातील रेणवीय संयोग असतो, हा त्यातील मुख्य प्रश्न होता. उत्तरासाठी लवणे पुन्हा पुन्हा तयार करून त्यांचे काटेकोर विश्लेषण करावे लागे. १८८७ मध्ये त्यांना पदवी मिळाली. होप पारितोषिकामुळे आणखी एक वर्ष तेथे काम करणे शक्य झाले.

स्वदेशी आगमन

१८८८ मध्ये रे परतले, ते वरिष्ठ शिक्षणसेवेतील नेमणुकीविनाच. गुरूंची शिफारस असूनही त्या जागा व्यवहारतः युरोपीयांसाठीच राखलेल्या होत्या. सुमारे वर्षभर ते नोकरीविना होते व त्यातील बराच काळ जगदीशचंद्र बोस यांच्या घरी राहिले. १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा २५० रुपयांवर त्यांना तात्पुरती नेमणूक मिळाली. याविरुद्ध दाद मागितली असता, दुसरे व्यवसाय मोकळे आहेत, अशा आशयाचे उत्तर शिक्षण संचालकांनी दिले. १८९२ मध्ये रे यांनी सुमारे ७०० रुपयांच्या भांडवलावर औषधनिर्मिती सुरू केली. तिचेच पुढे बंगाल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स झाले.

थंड, सौम्य नायट्रिक अम्लात जास्तीचा पारा ठेवला असता पिवळे स्फटिक जमतात, हे त्यांना १८९५ मध्ये आढळले. हेच मर्क्युरस नायट्राइट होय. एरवी अस्थिर असणारे दोन घटक येथे स्थिर संयुग देतात, म्हणून त्याचे महत्त्व. नायट्राइटांचा अभ्यास त्यांनी पुढे अनेक वर्षे चालू ठेवला. प्राचीन भारतीय रसायनविद्येवरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड १९०२ मध्ये निघाला.

गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांचे निकटचे स्नेही. गांधीजी कलकत्त्यात गोखल्यांकडे उतरले असता त्यांची रे यांच्याशी ओळख झाली. आठशे रुपये पगारातले चाळीस स्वतःसाठी ठेवून उरलेले सार्वजनिक कार्याला देणारे प्राध्यापक, अशी ती ओळख गोखल्यांनी करून दिली होती.

संशोधकांची शाळा

प्रेसिडेन्सी कॉलेजात रे कनिष्ठ वर्गांना आवर्जून शिकवत. नीलरतन धर, ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी, रसिकलाल दत्त असे विद्यार्थी त्यांच्याभोवती जमले; मेघनाद साहाही त्यांचेच विद्यार्थी. यांपैकी दत्त व घोष यांनी डी.एस्सी. कलकत्ता विद्यापीठातूनच मिळवली. १९१६ मध्ये सरकारी सेवा संपल्यावर रे विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजात रसायनशास्त्राचे पालित प्राध्यापक झाले. १९२१ मध्ये साठी पूर्ण झाल्यापासूनचे वेतन त्यांनी रसायनशास्त्र विभागाच्या विकासासाठी विद्यापीठालाच दिले. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन केमिकल सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष होते. तिच्या नियतकालिकामुळे येथील संशोधन येथेच प्रसिद्ध होऊ लागले.

रे अविवाहित होते. १९३६ मध्ये निवृत्त झाल्यानंतरही त्यांचे वास्तव्य सायन्स कॉलेजच्या इमारतीतील एका खोलीतच होते. तेथेच त्यांचे निधन झाले.