एकाच खिडकीतून चौदा चित्रे



कामीय पिसारो हे फ्रान्सचे मोठे चित्रकार, जन्माने यहुदी. त्यांचा जन्म १० जुलै १८३० रोजी कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावर झाला. वडिलांनी नात्यातल्या एका विधवेशी लग्न केलं होतं, ते तिथल्या सिनेगॉगने काही वर्षं मानलंच नाही.

१८५५ मध्ये पिसारो पॅरिसला आले. १८७० च्या युद्धात प्रशियाचे सैनिक त्यांच्या घरात राहिले आणि कित्येक वर्षांची बहुतेक चित्रं नासून गेली. तरी माणूस खचला नाही. इंप्रेशनिस्ट चित्रकारांची आठ प्रदर्शनं झाली, त्या आठहीमध्ये भाग घेणारे ते एकटेच. पुढे ठिपक्याठिपक्याने रंगवायची नवी पद्धत त्यांनी धरली, पण तिच्यात हात फार सावकाश चालायचा, म्हणून ती सोडली.

त्यात डोळा बिघडला. मी नर्स होते म्हणून थोडं सांगते. डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात जाणारी अश्रूंची नळी तुंबली, की तिथली पिशवी सुजते, पू होतो. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती. वारा आणि धूळ लागली की दुखणं उलटायचं. शेतात बसून रंगवणाऱ्या माणसाला घरात बसावं लागलं.

त्यांनी काय केलं? फेब्रुवारी १८९७ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, पॅरिसच्या एका हॉटेलात वरच्या मजल्यावर खोली घेतली. खिडकीखाली बुलव्हार मोंमार्त्र हा मोठा रस्ता. एप्रिलपर्यंत त्यांनी तोच रस्ता तैलरंगात चौदा वेळा रंगवला. धुकं, पाऊस, ऊन, कार्निव्हलची मिरवणूक! तेलाचा रंग लवकर वाळत नाही, आणि उजेड तर घडीघडीला बदलतो; म्हणून एकाच वेळी अनेक कॅनव्हास हाताशी. रस्ता, घरं, झाडं ठरलेलीच, तेव्हा सगळं लक्ष रंगावर. रात्रीच्या चित्रात विजेचे दिवे पांढरट आणि दुकानांतला गॅसचा उजेड नारिंगी, हा फरकसुद्धा त्यांनी टिपला. मला वाटतं, तोच देखावा पुन्हा पुन्हा केल्यानेच त्यांच्या हातात बळ आलं.

आमच्या वॉर्डात खिडकीजवळची कॉट प्रत्येकाला हवी असायची. त्याचं कारण पिसारोंना नीट कळलं असतं.

१८९८ मध्ये ते दुसऱ्या हॉटेलातून ऑपेरा रस्ता रंगवत होते. तेव्हा ड्रेफ्यूस प्रकरण पेटलं होतं, आणि देगासारख्या जुन्या मित्राने त्यांच्याशी बोलणं टाकलं. पिसारो काम करत राहिले.

त्या चौदांतलं वसंतातल्या सकाळचं चित्र आपल्या जवळचं आहे. ते ब्रेस्लाऊच्या माक्स झिल्बरबर्ग या यहुदी उद्योजकाकडे होतं. १९३५ मध्ये नाझी राजवटीत त्यांना आपला संग्रह विकावा लागला आणि पुढे होलोकॉस्टमध्ये त्यांचा अंत झाला. नंतर ते चित्र यरुशलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आलं. २००० मध्ये कुटुंबाचा हक्क मान्य झाला, तरी काही वर्षं ते तिथेच लोकांना पाहायला ठेवलं होतं. २०१४ मध्ये लंडनला त्याचा लिलाव झाला.

१३ नोव्हेंबर १९०३ रोजी पिसारो पॅरिसमध्ये वारले. त्याच उन्हाळ्यात ते ल हाव्रच्या हॉटेलातल्या खिडकीशी बसून बंदर रंगवत होते, पुन्हा पुन्हा.