तानाजीचा दोर

मराठी घरात वाढलेल्या मुलाला तानाजी मालुसरे हे नाव शाळेत जाण्यापूर्वीच कळलेले असते. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात बाजारात तेलुगू आणि घरात मराठी. पण घोरपडीची गोष्ट आमच्या आजीलाही तोंडपाठ. यशवंती नावाची घोरपड, तिच्या कमरेला दोर आणि त्या दोराला लोंबकळत कडा चढणारे मावळे! या घोरपडीने तानाजीवर मोठा अन्याय केला आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. तो कसा, हे त्याच्या चरित्राच्या ओघातच सांगतो.

तानाजी हा शिवाजी महाराजांचा आरंभापासूनचा सोबती. पोलादपूरजवळचे उमरठे हे त्याचे गाव. १६६१ साली कोकणच्या स्वारीत महाराजांनी त्याला पिलाजी नीळकंठरावासह संगमेश्वरी ठेवले होते. शृंगारपूरच्या सूर्यराव सुर्व्याने रात्री अचानक हल्ला केला, तेव्हा पिलाजीचा धीर सुटला आणि तो पळू लागला. तानाजीने त्याला पकडून आणले, दोराने एका धोंड्याला घट्ट बांधले आणि स्वतः लढायला उभा राहिला. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात हा प्रसंग आला आहे. सुर्वे शेवटी मागे हटला. दोर धोंड्याला बांधावा, माणसाच्या धीराला बांधू नये, हे तानाजीला नऊ वर्षे आधीच ठाऊक होते, असे म्हणायला हरकत नाही!

१६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यांत कोंढाणा होता. पुढे आग्रा झाले, सुटका झाली, आणि १६७० च्या आरंभी महाराजांनी गेलेले किल्ले परत घेण्याचे ठरविले. कोंढाण्यावर उदेभान राठोड हा रजपूत किल्लेदार होता. घरी मुलाचे, रायबाचे, लग्न निघाले असताना तानाजीने ही कामगिरी अंगावर घेतली, असे परंपरा सांगते. दरवाजांवर पहारे होते. म्हणून पहारा विरळ अशी कड्याची बाजू त्याने निवडली. रात्र होती ४ फेब्रुवारी १६७० ची.

आता घोरपडीकडे येतो. ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातली. पण कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या पदरचा माणूस. त्याने १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत घोरपड नाही. त्याची हकिगत साधी आहे. तानाजीने दोन चांगले मावळे निवडून कड्यावर चढविले. ते वानरासारखे चपळाईने वर गेले, त्यांनी वरून माळ लावली, आणि त्या माळेने तानाजीसह सुमारे तीनशे लोक चढले. माळ म्हणजे दोराची शिडी.

ही हकिगत वाचताना मला आमची कुंटाला धबधब्याची सहल आठवली. मित्राचा टॉवेल खालच्या कपारीत पडला. आम्ही कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी त्याच्या कमरेला बांधली, दोघांनी वरचे टोक हातात धरले आणि त्याला सोडले. शेवाळावरून त्याचा पाय सुटला मात्र, दोरी आमच्या तळव्यांची साल काढीत सरकली. पायाखाली कपार आली म्हणून तो वाचला, आमच्यामुळे नव्हे. मागे दोन हातांवर चांगले जाड झाड उभे होते. त्याला दोरी बांधावी, हे तिघांपैकी एकालाही सुचले नव्हते.

नंतर प्रस्तरारोहण जाणणाऱ्या एका गृहस्थांनी आम्हाला जे समजावले ते असे. चढणाऱ्याचा जीव दोरात नसतो, दोर सांभाळणाऱ्यात असतो. या सांभाळण्याला गिर्यारोहक 'बिले देणे' म्हणतात. बिले देणारा आधी स्वतःला खडकात ठोकलेल्या मेखेला किंवा झाडाला बांधून घेतो, दोर कमरेभोवती वा धातूच्या साधनातून घेतो, आणि दोराचे खालचे टोक धरलेला हात क्षणभरही सोडत नाही. वरून बिले असेल तर पडणारा हातभरच घसरतो. पण पहिला चढणारा शेवटच्या मेखेच्या तीन मीटर वर असेल, तर दोर ताणला जाईपर्यंत तो सहा मीटर कोसळतो. तो धक्का पचविण्यासाठी आजचे दोर ताणले जाणारे असतात. आंतरराष्ट्रीय कसोटीत ऐंशी किलोचे वजन सोडतात, आणि पहिल्या झटक्याचा जोर सुमारे बाराशे किलोंच्या भारापेक्षा अधिक भरता कामा नये, असा दंडक आहे. असले नायलॉनचे दोर दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाले. १८६५ साली मॅटरहॉर्न शिखरावरून उतरताना दोर तुटून चौघे गेले, तो दोर वनस्पतीच्या धाग्यांचाच होता.

आता ते दोन मावळे डोळ्यांसमोर आणावेत. वद्य नवमीची काळोखी रात्र, माघातला गारठा, आणि वरून दोर धरायला कोणी नाही. त्यांचा पाय सुटता तर सगळा बेत तिथेच संपला असता. वर गेल्यावर त्यांनी माळ ज्या दगडाला वा झुडपाला बांधली, त्यावर पुढच्या तीनशे जणांचा जीव टांगलेला होता. घोरपडीने झाकले आहे ते हे! कड्याची बाजू निवडणे, माणसे निवडणे, आधी दोघांना पाठविणे, ही तानाजीची हिशेबी बुद्धी होती. (वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हिशेब दिसणारच.) पंधरावीस किलोंच्या आतल्या जनावराला साठ किलोंचा माणूस लोंबकळविला की ती बुद्धी दिसेनाशी होते.

वर लढाई जुंपली. उदेभानाशी लढताना तानाजीची ढाल तुटली. दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल केली आणि वार झेलले. दोघेही एकमेकांच्या हातून पडले. सरदार पडल्यावर मावळे कड्याकडे पळू लागले, तोच धाकटा भाऊ सूर्याजीने दोर कापून टाकले, असे लोक सांगतात. याची थोरवी आपण शौर्याच्या अंगाने गातो. पण घाबरलेली माणसे अंधारात एकाच दोरावर झोंबली असती, तर दोराने वा बांधलेल्या जागेने दम सोडलाच असता, आणि शत्रूपेक्षा कड्यानेच अधिक माणसे खाल्ली असती. चढण्यापेक्षा उतरणे कठीण असते. सूर्याजी हे जाणून होता की नाही कोण जाणे. लोकांना त्याने सावरले आणि गड घेतला, एवढे खरे.

गडावरच्या पागेला आग लावून राजगडावर महाराजांना खूण दिली गेली. गड आला पण सिंह गेला म्हणून सिंहगड, हे आपण मानतो. मात्र ते नाव १६७० पूर्वीच्या कागदांतही सापडते. तानाजीचा देह मढे घाटाने उमरठ्यास नेला, असे सांगतात. गडावर त्याची समाधी आहे, आणि त्या कड्याला तानाजी कडा हे नाव पडले आहे. माळ लावणाऱ्या त्या दोघांना सभासदाने केवळ मावळे म्हटले आहे; त्यांची नावे त्याने दिलेली नाहीत.