बंपरमागचा माणूस

दवनीवाड्यात आमच्या घरामागच्या गोठ्यात एक जुनी फियाट उभी आहे. टायर बसलेत, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. पण समोरचा बंपर फडक्यानं पुसला की अजून तोंड दिसतं! दिवाळीच्या सुट्टीत गेले तेव्हा गाडीवरचं नाव पहिल्यांदा नीट वाचलं : प्रीमियर. ही प्रीमियर कुणाची, हे शोधता शोधता वालचंद हिराचंद भेटले.

वालचंद सोलापूरचे, जन्म १८८२चा. घरच्या व्यापारात मन रमेना, म्हणून लक्ष्मणराव फाटक या माजी रेल्वे कारकुनासोबत रेल्वेची कंत्राटं घेतली. १९१९ मध्ये त्यांच्या सिंधिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघालं, तेही इंग्रज कंपन्यांच्या नाकावर टिच्चून. ती तारीख ५ एप्रिल, आपला राष्ट्रीय सागरी दिन.

मग डोक्यात मोटार शिरली. १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं. पण युद्ध सुरू झालेलं आणि इंग्रज सरकार काही हात देईना. गंमत बघा, त्याच दौऱ्यात विमानात एका अमेरिकन विमान कंपनीच्या माणसाशी गाठ पडली आणि १९४० मध्ये बंगळुरूला विमानाचा कारखाना उभा राहिला. म्हणजे आजचं एचएएल. मोटार राहिली बाजूला, विमान आधी!

प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली १९४४ मध्ये. कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. तेव्हाचे बंपर म्हणजे जाड पोलादी पट्टी, वर निकेल-क्रोमचा मुलामा, ब्रॅकेटनं सांगाड्याला कसलेली. मोटारी नव्या होत्या तेव्हा बंपर गाडीसोबत यायचाच असं नव्हतं, वेगळे पैसे मोजून बसवून घ्यावा लागे. त्यावरची दोन उभी शिंगं काही शोभेची नाहीत. दुसऱ्या गाडीचा बंपर वर चढून अडकू नये म्हणून ती असतात. काम एवढंच, हळू धडकेत दिवे, जाळी, रेडिएटर वाचवायचं. जोराच्या धडकेत मात्र पोलाद फारसं दबत नसे, हिसका थेट आत बसलेल्यांना. आजचे प्लास्टिकचे बंपर चिरतात म्हणून आपण नावं ठेवतो, पण त्यांच्यामागचा भाग दबून तो हिसका आपल्या अंगावर घेतो.

१९४९ मध्ये वालचंदना पक्षाघात झाला. ८ एप्रिल १९५३ला ते गेले. कुर्ल्यात फियाट अकराशे बनायला लागली १९५४ मध्ये. ‘पद्मिनी’ हे नाव तर १९७४चं. मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. त्यातलं काहीच त्यांनी पाहिलं नाही. मला हे जरा लागलंच.

गोठ्यातल्या गाडीच्या बंपरला डावीकडे पोचा आहे. बंडीची धुरी लागली होती म्हणे. मागचा बंपर कुणीतरी कधीच काढून फाटकाला आडवा ठोकलाय.